डाव्या बाजूचं माप

चंदनावैनींची डावी बाजू अर्ध्या इंचानं वाढली आहे, हे सगळ्यात आधी मंगलच्या टेपला कळलं. मंगलला ते पटलं नाही. तिनं टेप झटकली, पुन्हा लावली, आकडा पुन्हा तोच आला. मग तीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. टेपलाच खोटं ठरवलं.

मंगलचं दुकान अनगोळात, शाळेमागच्या बोळात. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, एक उभा आरसा, आणि पडदा लावून केलेला माप घ्यायचा कोपरा. बोर्डावर वर कन्नड, खाली मराठी, दोन्हीकडं लेडीज टेलर. नवरा भरमू मच्छेच्या इंडस्ट्रियल एरियात, पंपांचे ओतीव भाग तपासायच्या खात्यात. तोही दिवसभर मापंच घेतो, फक्त लोखंडाची.

मंगलचं माहेर मच्छेचंच. एकोणीस वर्षांची असताना ती रोज बसनं कॅम्पात, शहराच्या लष्करी वस्तीत, जायची. तिथं चर्चच्या जवळ फिलोमिनाबाई नावाची एक म्हातारी लग्नाचे गाऊन शिवायची. तिनं मंगलला हाताखाली घेतलं, आणि पहिल्याच दिवशी टेप तिच्या गळ्यात अडकवून सांगितलं, "दोन्ही बाजू मोजायची. उजवी वेगळी, डावी वेगळी. देवानं माणूस हातानं केला, साच्यात न्हाई ओतला." बाकीचे टेलर एकाच बाजूचं माप घेतात आणि कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापतात. मंगल कधी तसं कापत नाही. बटणपट्टीपासून काखेच्या शिवणीपर्यंत ती उजवी मोजते, मग डावी मोजते, आणि दोन्ही आकडे वहीत तारखेसकट लिहिते. प्रत्येक बाईला एक पान. एका रांगेवर उ., दुसरीवर डा. एखादीचा एक खांदा उतरलेला असतो, एखादीची एक बाजू जड असते. मंगलच्या ब्लाउजात ते कुणाला दिसत नाही. बायका आरशात बघून म्हणतात, "आक्का, मी एवढी सरळ हाय व्हय?"

बारा-तेरा वर्षांपूर्वी एक मास्तरीणबाई आली. कॅन्सरच्या ऑपरेशनात तिची एक बाजू काढून टाकली होती, आणि ती पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन हिंडत होती. मंगलनं तिच्यासाठी मऊ सुती कापडाची पिशवी शिवली आणि आत राळ्याचे बारीक दाणे भरले. दुसऱ्या बाजूच्या अंदाजानं राळे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घेतले. कापूस हलका पडतो, वर चढतो. राळ्याला वजन असतं, ते अंगाच्या ढंगानं बसतं. मास्तरीणबाई पडद्याआडून बाहेर आली तेव्हा पदर एकाच खांद्यावर होता. त्यानंतर दवाखान्यातल्या नर्सबाया अशा बायकांना आपण होऊनच मंगलकडं पाठवायला लागल्या.

चंदनावैनी तशाच आल्या. निपाणीच्या जैन घरातल्या. नवरा सुकुमार, तंबाखूचे व्यापारी. वैनींचं वय तेव्हा अडतीस. गाठ डाव्या स्तनात, वेळेत सापडलेली, त्यामुळं लाइट, म्हणजे रेडिएशन, द्यावी लागली नाही, पण स्तन गेला. घरात सुकुमार सोडून कुणालाच खरं माहीत नव्हतं. सासूला आणि भावकीला गर्भाशयाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. पोरगी प्रिया शाळेत होती. तिच्या लग्नात ही गोष्ट आडवी येईल, ही धास्ती वैनींनी तेव्हापासूनच घेतलेली.

राळ्याची पिशवी त्यांनी वर्षभर वापरली. मग एक दिवस येऊन स्टुलावर बसल्या.

"आक्का, बस्तीत दर्शनाला वाकले की पिशवी गळ्यापाशी येती गं. देवापुढं हात जोडू का छातीला धरू?"

"दोन्ही करा. देव काय बोलत न्हाय."

"देव न्हाय बोलत, माझी जाऊ बोलती." वैनी हसल्या, आणि हसता हसताच डोळे पुसले. "मी आत बसवून घ्यायचं म्हणतीया. कायमचं. डॉक्टर म्हणालेत हुतंय. पर निवडायला तू ये. माझं अंग तुझ्या वहीत हाय."

निवडायचा दिवस उजाडायला चार महिने गेले. डॉक्टर नागेंद्रांनी आधी कातडीखाली एक रिकामी पिशवी बसवली, आणि दर पंधरा दिवसांनी सुईनं तिच्यात मिठाचं पाणी भरत कातडी ताणून घेतली. मंगलला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवलेली नसली की आधी कापड पैदा करावं लागतं.

मग २०१६च्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी टेबलावर पांढरा टॉवेल पसरला आणि त्यावर आत बसवायच्या इम्प्लांटचे तीन नमुने मांडले. एक गोल आणि गुळगुळीत. एक गोल, पण खरखरीत. तिसरा पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता, खाली भरलेला, तोही खरखरीत. डॉक्टर मूळचे धारवाडकडचे, मराठी जपून बोलायचे.

"मोठं पाहिजे का लहान, हे शेवटी," ते म्हणाले. "पहिलं, छातीची रुंदी. रुंदीपेक्षा मोठा बसवला तर काखेत जातो. मग कातडी किती जाड. मग दुसऱ्या बाजूचा आकार." त्यांनी कंपाससारखं एक यंत्र लावलं. "बारा पॉइंट चार सेंटिमीटर."

मंगलनं वही उघडली. "पाच इंचाला एक सूत कमी."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; डॉक्टरांनी मनात हिशेब केला आणि मान हलवली. "तेच झालं. बरोबर."

मग त्यांनी समजावलं. गोल बसवला तर वरचा भाग फुगलेला दिसेल. वैनींची उजवी बाजू वर सपाट, खाली भरलेली आहे, दोन लेकरं झालेल्या बाईची असते तशी. तिला थेंबाचा आकार जुळेल. पण थेंब आत फिरला तर सगळं वाकडं दिसतं, म्हणून तो खरखरीत करतात. आतलं मांस त्याला धरून ठेवतं. "धोका सगळ्यांत आहे. भोवतीचं आवरण आवळून घट्ट होतं, कधी फाटतं, पुढं बदलावंही लागतं. आणि खरखरीत जातीत, बाहेरच्या देशांत, फार थोड्या बायकांना त्याच्या भोवती पाणी साठून वेगळाच कॅन्सर झाल्याचं छापून आलंय. फार थोड्या. पण सांगणं माझं काम."

वैनींनी त्यातलं 'फार थोड्या' ऐकलं. मंगलनं 'धरून ठेवतं' ऐकलं.

तिनं तिसऱ्या नमुन्यावरून बोट फिरवलं. न धुतलेल्या मांजरपाटासारखा तो बोटाला लागत होता. जरीच्या निसरड्या कापडाला ती नेहमी खरखरीतच अस्तर लावायची. गुळगुळीत अस्तरावर जर सरकते, खांदा उतरतो, गिऱ्हाईक परत येतं. खरखरीत अस्तर जरीला सोडत नाही. इतक्या वर्षांत त्या अस्तरानं तिला कधी दगा दिला नव्हता.

"ह्यो," ती म्हणाली. "ह्यो हलायचा न्हाय."

"मी पण हाच सांगणार होतो," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशननंतर दवाखान्यानं एक कार्ड दिलं, इम्प्लांटचा नंबर आणि जात छापलेलं. वैनींनी ते घरी नेलं नाही; मंगलच्या वहीत, आपल्या पानावर टाचून ठेवलं. दवाखान्याच्या फॉर्मवर फोन नंबरही त्यांनी मंगलच्या दुकानाचाच दिला. पुढच्या मापाला उ. सव्वानऊ, डा. सव्वानऊ. वैनी आरशापुढून हलेनात. जाताना त्यांनी मंगलच्या हातांना हात लावून ते स्वतःच्या कपाळाला लावले.

ही गोष्ट नर्सबायांत पसरली. पुढच्या दोन वर्षांत आणखी दोघीजणी मंगलला निवडायला घेऊन गेल्या. एक खानापूरकडच्या खेड्यातली अक्काताई, आणि एक कॅम्पातली निशा, जवानाची बायको. दोन्ही वेळा मंगलचं बोट खरखरीत नमुन्यावरच गेलं. डॉक्टर चेष्टेनं म्हणाले, "आक्का, तुम्ही इथंच बसा आता, मी ब्लाउज शिवतो."

२०१९ साली दुकानाचा फोन वाजला. दवाखान्यातून बोलत होते. चंदना सुकुमार यांना बसवलेली जात कंपनीनं जगभरातून परत मागवली आहे. तक्रार नसेल तर काढायची गरज नाही. मात्र त्या बाजूला सूज आली, आकार वाढला, तर एक दिवसही न घालवता या. मंगलनं त्याच मिनिटाला निपाणीला फोन लावला.

"सूज न्हाय, दुखत न्हाय," वैनी म्हणाल्या. "आणि आली सूज, तर तुला आधी कळंल की गं. तुझी टेप हाय तवर मला कशाला दवाखाना?"

मंगलला ते ऐकून बरं वाटलं होतं. पुढं कित्येक दिवस तिला त्या बरं वाटण्याचीच लाज वाटणार होती.

त्यानंतर वैनींचं प्रत्येक ब्लाउज म्हणजे एक तपासणी झाली. वर्षाला चार-पाच वेळा टेप लागायची. सव्वानऊ, सव्वानऊ. साडेनऊ, साडेनऊ. वजन वाढलं तर उजवी सूतभर पुढं, उतरलं तर सूतभर मागं. पाच वर्षं असंच चाललं, आणि पाच वर्षांत भीतीसुद्धा सवयीची होऊन जाते.

२०२४च्या भाद्रपदात वैनींनी जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहाही उपवास केले. नुसत्या उकळून गार केलेल्या पाण्यावर, तेही दिवसातून एकदा. प्रियाची सोयरीक सांगलीकडच्या घरात जमली होती, त्याचंच ते बोललेलं होतं. पारण्याच्या दिवशी बस्तीतल्या बायकांनी त्यांना वाजत-गाजत घरी आणलं. तीन दिवसांनी, एकवीस सप्टेंबरला, त्या लग्नाची तीन ब्लाउज टाकायला अनगोळात आल्या. गालफडं बसलेली, पण चेहरा उजळलेला.

उ. नऊ. डा. पावणेदहा.

मंगलनं टेप झटकून पुन्हा लावली. पावणेदहा.

"काय गं? रोडावले ना मी?"

"लई रोडावलाय," मंगल म्हणाली. आणि तिचं तिनंच उत्तर शोधलं. उपवासानं अंग उतरतं, आतली वस्तू काही उतरत नाही. म्हणून डावी मोठी वाटते. दहा दिवस पाण्यावर काढलेलं अंग, दुसरं काय असणार? वैनींच्या घरी सगळेच हे म्हणत होते. जाऊ म्हणाली होती, उपासानं ब्लाउज एका बाजूनं ढिलं झालंय. सासू म्हणाली होती, पारण्याला महिना झाला की भरून येईल. उपवासाच्या नावाखाली त्या घरात त्या महिन्यात काहीही खपलं असतं.

खरं तर वहीच्या पानावरच सगळं लिहिलेलं होतं. उपवासानं उजवी पाव इंच उतरली, हे ठीक. पण डावी जिथल्या तिथं, सव्वानऊवरच, राहायला हवी होती. ती वाढली कशी? मंगलनं तो प्रश्न मनात येऊ दिला नाही. कात्री घेतली आणि कापड कापलं, उजवी नऊ, डावी पावणेदहा.

ऑक्टोबरच्या मध्याला ट्रायल झाली. वैनी जेवायला लागल्या होत्या, अंग भरलं होतं. उजवी परत सव्वानऊवर आली होती. डावी दहा.

त्या वेळी मंगलनं जे केलं, ते तिच्या धंद्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं, आणि सगळ्यात वाईटही. तिनं उजव्या कपात आतून फोमचा पातळ थर बसवला, डाव्या बाजूचा टक्स अर्ध्या सुतानं हलवला, आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या. वैनी आरशापुढं उभ्या राहिल्या, या बाजूला, त्या बाजूला वळल्या. काही दिसत नव्हतं. काहीच दिसत नव्हतं.

"काय हात हाय गं तुझा!" वैनी म्हणाल्या.

त्या गेल्यावर मंगल मशीनवर बसली, पण पाय पायडलवर जाईना. कुणीतरी घरात शिरलंय आणि आपणच दार लावून घेतलंय, असं काहीसं तिला वाटत राहिलं.

भरमू पहिल्या पाळीवरून आला, तेव्हा तिनं नाव न घेता विचारलं. "एकाच वस्तूचं माप दर वेळी वेगळं येत असंल, तर काय समजायचं हो?"

भरमू चहा बशीत ओतत होता. "कसं वेगळं? कधी वर, कधी खाली?"

"न्हाय. वरच."

"किती वेळा मोजलंस?"

"दोनदा."

"मग तिसऱ्यांदा मोज. एकदा चुकलं तर मोजणाऱ्याचा हात. मागं-पुढं हुतंय तर पट्टी खराब. पर तीनदा एकाच बाजूला गेलं," त्यानं बशी खाली ठेवली, "तर हात बी चांगला, पट्टी बी चांगली. वस्तूच बिघडलीया. आमच्यात अशा वेळी लाइन थांबवत्यात. एक नग जरी पुढं सोडला तरी सायब चेकिंगवाल्याला उभा-आडवा घेतोय." मग त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "कुनाचं माप हाय?"

"हाय एकीचं."

दिवाळी झाल्यावर, नऊ नोव्हेंबरला, मंगलनं बाहीच्या निमित्तानं वैनींना बोलावून घेतलं. पडदा ओढला, टेप लावली. उजवी सव्वानऊ. डावी साडेदहा. कातडी ताणलेली, चकचकीत. मंगलनं तळहात टेकवला. आत काहीतरी हललं, गच्च भरलेल्या घागरीतलं पाणी हलावं तसं.

"वैनी, हे कवापासनं असं हाय?"

वैनी पदर सावरत राहिल्या.

"वैनी."

"झोपताना जड लागतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डाव्या कुशीवर वळलं की आत पाणी वळल्यागत हुतंय. दसऱ्यापासनं." मग घाईनं म्हणाल्या, "दुखत न्हाय पर. आणि महिना ऱ्हायलाय लग्नाला. पोरीचं हात पिवळं होऊ दे, मग तू म्हणशील तिथं येते."

"उद्या जायचं."

"उद्या मुहूर्ताचे पापड लाटायचे हायत घरात. पंचवीस बायका येणार. मी दवाखान्यात गेले म्हणून कळलं की सांगलीला पोचायला एक तास लागत न्हाय. पोरीच्या सासूनं पहिल्याच बैठकीला विचारलंवतं, घरात कुणाला मोठा आजार न्हाय न्हवं म्हणून. ह्यांनी न्हाय म्हणून सांगितलंय. समजतंय का तुला? ब्लाउज दे माझी, मी जाते."

मंगल उठली. तिन्ही ब्लाउज हँगरवरून काढली, घडी घातली, आणि कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

"ब्लाउज मिळायची न्हाईत."

"काय म्हणालीस?"

"डॉक्टरांनी बघितल्यावर देणार. त्याच्या आधी न्हाय."

"एवढा तोरा? निपाणीत टेलर न्हाईत व्हय गं दुसरे? कोल्लापूर जवळ हाय मला, चिकोडी जवळ हाय."

"हायत की. जावा. पर ते एकाच बाजूचं माप घेत्यात." मंगल कपाटाला पाठ लावून उभी राहिली. "तुमच्या डाव्या-उजव्यात आज सव्वा इंचाचा फरक हाय. तुमाला दिसत न्हाय, कारण मी दिसू दिला न्हाय. दुसऱ्याचं ब्लाउज घालून मांडवात उभ्या ऱ्हावा, सगळ्या सांगलीला दिसंल."

बोळातून भाजीवाला कन्नडमध्ये ओरडत गेला.

"तूच निवडलावतास त्यो," वैनी म्हणाल्या. एकेक शब्द दगडासारखा ठेवत. "मी न्हाय. तू बोट ठेवलंस."

"व्हय," मंगल म्हणाली. "म्हणून तर."

वैनी रागानं उठून गेल्या. संध्याकाळी मात्र सुकुमारांचा फोन आला. "मंगलआक्का, उद्या अकराला दवाखान्यात या. ही म्हणती, आक्का असली तरच येते."

डॉक्टर नागेंद्रांच्या कानांवरचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी सोनोग्राफी केली. पडद्यावर थेंबाभोवती एक काळी कड दिसत होती, ते पाणी. सुईनं त्यांनी ते ओढून घेतलं. सिरिंजमध्ये आलं ते ताकाच्या निवळीसारखं, पण गढूळ. एक सिरिंज, दुसरी, तिसरी.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळी झाल्यावर," वैनी म्हणाल्या.

मंगलनं पिशवीतून वही काढली आणि ते पान उघडून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी कार्ड बाजूला सरकवून आकड्यांवरून बोट फिरवलं. आठ वर्षं सारखी चाललेली दोन माणसं एका जागी येऊन वेगळ्या वाटांनी जावीत, तशा त्या दोन रांगा दिसत होत्या. बोट एकवीस सप्टेंबरवर थांबलं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"व्हय."

"सात आठवडे झाले."

मंगलनं मान खाली घातली. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मोबाइलवर पानाचा फोटो घेतला आणि म्हणाले, "ही वही सांभाळा. फाइलला लावायला लागेल."

पाणी तपासायला बेंगळुरूला गेलं. रिपोर्ट यायला दहा दिवस. त्या दहा दिवसांत मंगलनं दुसऱ्या कुणाचं काम धड केलं नाही. एकीच्या ब्लाउजाला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. ती बाई हसून उसवून घेऊन गेली. मंगलला हसू आलं नाही. फोन वाजला की हातातली सुई बोटात जायची. फॉर्मवर नंबर अजून तिचाच होता.

अकराव्या दिवशी फोन आला. डॉक्टर स्वतः बोलत होते. पाण्यात नको त्या पेशी सापडल्या होत्या. जुना कॅन्सर परत आला नव्हता. हा दुसराच होता, इम्प्लांटच्या भोवतीच्या आवरणात वाढणारा. मधल्या दिवसांत काढलेल्या स्कॅनमध्ये तो आवरणाच्या बाहेर कुठं दिसत नव्हता. इम्प्लांट आणि आवरण सगळंच्या सगळं काढायचं होतं, आणि लवकर.

"आणि सात आठवडे आधी आलो असतो तर?" मंगलनं विचारलं.

"ते मला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आणखी सात आठवडे घालवले असते, तर काय झालं असतं, तेही नाही सांगता येत."

ऑपरेशन चोवीस नोव्हेंबरला झालं. घरी सांगितलं, पित्ताशयात खडे आहेत. या वेळी सासूनं सुकुमारांकडं बघून विचारलं, "खडे का आणि काय?" आणि उत्तराची वाट न बघता पापडांच्या डब्याला झाकण लावलं. तिला किती माहीत होतं, हे कुणी विचारलं नाही.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा टॉवेल पसरला. या वेळी त्यावर एकच जात होती, गोल आणि गुळगुळीत, तीन आकारांत. "आत्ता नाही. वर्ष-दीड वर्ष तपासण्या नीट आल्या की विचार करता येईल. पाहिजेच असं नाही. निवड तुमची."

वैनींनी सवयीनं मंगलकडं बघितलं. मंगलनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"नको डॉक्टर," वैनी म्हणाल्या. "राळ्याची पिशवीच बरी. तिच्यात काय झालं तर उसवून बघता तरी येतंय."

लग्नाला जखम कोवळी होती, वजन चालणार नव्हतं. मंगलनं राळ्याऐवजी कापसाचीच पिशवी केली आणि ती वर चढू नये म्हणून ब्लाउजाच्या आतच चार टाक्यांनी अडकवून टाकली. लग्नात ती बायकांच्या मागच्या रांगेत बसली होती. वैनी अक्षता टाकायला वाकल्या, ताठ उभ्या राहिल्या, सांगलीच्या विहीणबाईंशी हसून बोलल्या. दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या. मंगलला मात्र आता सारखं दिसणाऱ्या कशाचाच भरवसा वाटेना.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं वही काढली आणि उरलेली दोन पानं शोधली. खानापूरच्या अक्काताईला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी लेकाच्या गाडीवर बसून आली, भाजलेल्या शेंगा घेऊन. "आक्का, एवढ्या तातडीनं बोलवायला काय माझं लगीन हाय व्हय?" उजवी दहा, डावी दहा. तरी मंगलनं तिला स्वतः डॉक्टरांकडं नेलं. सोनोग्राफी चांगली आली.

निशाचा नंबर लागला नाही. हा क्रमांक सेवेत नाही, एवढंच रेकॉर्डवरची बाई आधी कन्नडमध्ये, मग इंग्रजीत सांगत राहिली. डॉक्टरांच्या दवाखान्यातही तोच नंबर होता. २०१९लाही त्यांचा फोन लागला नव्हता. मंगल कॅम्पात गेली. फिलोमिनाबाईच्या जुन्या खोलीवरून पुढं, जवानांच्या कुटुंबांच्या क्वार्टर्सपाशी. तिथं दुसरीच बाई राहत होती, पंजाबकडची. तिला आधीच्या माणसांचं काही ठाऊक नव्हतं. तिच्या आधीही दोन कुटुंबं येऊन गेली होती. गेटवरच्या जवानानं नम्रपणे सांगितलं, "आंटी, पोस्टिंग का पता हम नहीं दे सकते." मंगलनं निशासाठी लिहिलेली चिठ्ठी मात्र त्यानं ठेवून घेतली. ती कुणापर्यंत गेली की नाही, कळायला मार्ग नाही.

निशाचं शेवटचं माप २०१८चं आहे. उ. साडेआठ, डा. साडेआठ. तेव्हा ती बदलीच्या सामानाची बांधाबांध सोडून घाईत आली होती, आणि जाताना दारातून म्हणाली होती, "आक्का, तिकडं कुणी तुमच्यासारखं माप घेणार नाही बघा."

आता दर सोमवारी दुकान उघडलं की मंगल आधी तो नंबर लावून बघते. मग वहीत निशाच्या पानावर तारीख घालते, खाली उ. लिहिते, डा. लिहिते, आणि दोन्हींच्या पुढं जागा मोकळी सोडते.